वाफेचा काटा: वालचंदनगरची यंत्रशाळा

गुऱ्हाळावर काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो. बुडबुड्यांचा आकार, उकळीचा आवाज, फेसाचा रंग आणि शेवटी पाण्यात सोडलेल्या पाकाची गोळी बोटांत कशी दबते, एवढ्यावर त्याचा निर्णय होतो. पाक त्या वेळी साधारण ११५ ते १२० अंश सेल्सिअसला पोचलेला असतो, पण जाणत्या गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या काठी गूळ पिढ्यान्‌पिढ्या असाच होत आला. हे ज्ञान अस्सल आहे. अडचण एवढीच की ते एका माणसाच्या हातात राहते आणि त्याच्याबरोबरच घरी जाते.

साखर कारखान्याचे तसे चालत नाही. गव्हाणीत दिवसरात्र ऊस पडत असतो, पाळी बदलते, पाक शिजवणाऱ्या पॅनवरचा माणूस बदलतो, आणि तरीही सकाळच्या पाळीची साखर आणि रात्रीच्या पाळीची साखर सारखीच उतरावी लागते. त्यासाठी पाकाची अवस्था कुणालाही वाचता येईल अशा आकड्यांत आणावी लागते. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरबद्दल आजवर जे लिहिले गेले, त्यात वालचंद हिराचंद यांच्या धाडसाला मोठी जागा मिळाली, आणि ती योग्यच आहे. पण हे गाव घडवणारी दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते: तिथे रुजलेली मोजण्याची शिस्त. उसाच्या रसाची गोडी मोजणाऱ्या गावातच पुढे अग्निबाणाच्या पोलादी कवचाची गोलाई मोजली गेली. या दोन्हींमध्ये जे घडले, त्याचा मागोवा या प्रकरणात घ्यायचा आहे.

पुरंदरच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा सासवड, जेजुरी, मोरगाव, कऱ्हाटी करत बारामतीला येते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीचा पाऊस इथवर येईपर्यंत आटलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा बारामती आणि इंदापूरकडे आला, त्याला भाटघरच्या धरणाचे पाणी मिळाले, आणि १९२८ मध्ये तिथेच मोठे लॉइड धरण पूर्ण झाले. दुष्काळी रानात बारमाही पाणी आले की माणूस सर्वांत आधी ऊस लावतो. तसेच इथे झाले.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे गुजराती दिगंबर जैन, व्यवसाय सावकारी आणि कापसाच्या व्यापाराचा. वालचंदांना त्यात गोडी नव्हती. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या तारखेला आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही यादी सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्यात गुंतत नाही. आपला विषय कळंब गावाजवळचा मळा हा आहे. मार्सलँड प्राइस ही १९०८ साली स्थापन झालेली बांधकाम कंपनी वालचंदांकडे आली होती. तिच्या नावाने कळंबच्या परिसरात मोठी शेती उभी राहिली आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना आला. पुढे याच कंपनीचे नाव वालचंदनगर इंडस्ट्रीज झाले.

काळही अनुकूल होता. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, बाहेरच्या साखरेवर जकात बसली आणि देशातल्या कारखान्यांची संख्या तीसेकवरून काही वर्षांतच शंभरावर गेली. नीरेपलीकडे माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांनी याच सुमारास स्वतःचा कारखाना काढला. कारखाने देशात उभे राहिले, यंत्रे मात्र परदेशातून येत. एखादा मोठा रोलर तुटला तर नवा येईपर्यंत हंगाम निघून जाण्याची भीती असे. रेल्वेच्या फाट्यापासून दूर, उसाच्या रानात बसलेल्या कारखान्याला आपली दुरुस्ती आपणच करता येणे भाग होते. माझ्या मते वालचंदनगरच्या यंत्रशाळेचे बीज या गरजेत आहे.

साखर कारखान्यात नेमके काय मोजले जाते, हे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढचे सगळे कौशल्य तिथूनच आले.

पहिले माप वजनकाट्यावरचे. शेतकऱ्याचा आणि कारखान्याचा संबंध तिथूनच सुरू होतो, आणि बिघडतो तोही तिथेच. ‘काटामारी’, म्हणजे वजनात केलेली फसवणूक, हा शब्द ऊस पट्ट्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. मापावर विश्वास नसेल तर बाकी सगळ्या हिशेबाला अर्थ उरत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला कुठल्याही अभियंत्याइतके नीट कळते.

दुसरे माप रसाचे. रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण म्हणजे ब्रिक्स. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या आडॉल्फ ब्रिक्स या जर्मन शास्त्रज्ञावरून पडले. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स साधारण १८ ते २२ असतो. पण विरघळलेले सगळेच काही साखर नसते. त्यातली खरी साखर किती, हे प्रकाश सांगतो. १८१५ मध्ये फ्रान्सच्या झां-बाप्तिस्त बिओ यांना आढळले की साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे प्रतल वळते, आणि साखर जितकी जास्त तितका हा कोन मोठा. पोलॅरिमीटर हे उपकरण तो कोन मोजते. प्रयोगशाळेतला केमिस्ट ‘पोल’ म्हणतो तो हाच आकडा. उसातून शेवटी किती टक्के साखर हाती आली, तो साखर उतारा. आणि आज शेतकऱ्याला मिळणारी एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा रास्त दर, या उताऱ्यावर ठरते. २०२२-२३ च्या हंगामापासून त्यासाठी मूळ उतारा १०.२५ टक्के धरला जातो. दुसऱ्या दशांश स्थळावरचा आकडा हलला की हजारो घरांच्या वर्षाच्या हिशेबात फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीचा आणि वस्तीवरच्या चुलीचा संबंध इतका थेट आहे.

तिसरे माप वाफेचे आणि निर्वाताचे. उघड्या काहिलीत रस आटवला तर तो १०० अंशांच्या वर तापतो, करपतो आणि साखरेचे दाणे धरायच्या आधीच काही साखर नासते. १८१३ च्या सुमारास एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने बंद भांड्यातली हवा काढून घेऊन रस उकळण्याची रीत शोधली. हवेचा दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो, आणि निर्वात चांगला असेल तर पाक ६०-६५ अंशांच्या आसपास उकळतो. हाच व्हॅक्यूम पॅन. त्यापुढची पायरी नॉर्बेर रियू यांची. न्यू ऑर्लिन्सला एका स्वतंत्र कृष्णवर्णीय मातेच्या पोटी जन्मलेल्या या अभियंत्याने १८४० च्या दशकात एका भांड्यातून निघालेल्या वाफेवर दुसरे भांडे आणि दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे भांडे उकळणारी मालिका बांधली. बाष्पीभवनाच्या इंधनात यामुळे जी बचत झाली, तिच्यावरच आजचा साखर कारखाना उभा आहे. चिपाड जाळून कारखाना आपली वाफ आपणच तयार करतो आणि वर वीजही विकतो. रियूंचे नाव आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

पण ही मालिका चालवायची तर प्रत्येक भांड्यातला दाब वेगळा आणि ठरलेला हवा. तो डोळ्याला दिसत नाही आणि हाताला कळत नाही. तिथे लागते ते दाबमापक, म्हणजे प्रेशर गेज.

बॉयलर हाउसमध्ये पितळी कडा असलेली, काचेआड काटा हलणारी जी गोल तबकडी दिसते, तिच्या पोटात फ्रान्सच्या युजेन बूर्दाँ यांची १८४९ मधली युक्ती आहे. बूर्दाँ वाफेची इंजिने बांधत असत. एका कामात त्यांची गुंडाळलेली नळी चुकून चपटी झाली. ती पुन्हा गोल करण्यासाठी त्यांनी आतून दाब दिला, तेव्हा चपटेपणा जाता जाता नळीचे वेटोळेही उलगडू लागले. जत्रेत मिळणारी कागदी पुंगळी फुंकली की सरळ होते, तसेच हे. दाब वाढला की नळी उलगडते, कमी झाला की पुन्हा वळते, आणि योग्य धातू वापरला तर लाखो वेळा हेच करत राहते. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळवलेल्या नळीचे एक टोक पक्के, दुसरे बंद आणि मोकळे. मोकळे टोक जेमतेम काही मिलीमीटर सरकते. एक कडी ती हालचाल दातेरी पट्टीला देते, पट्टी लहान दातेरी चाक फिरवते आणि चाकावरचा काटा तबकडीभर फिरतो. वीज नको, बॅटरी नको. पावणेदोनशे वर्षांनंतरही या रचनेला पर्याय शोधावा असे फारसे कुणाला वाटलेले नाही.

या उपकरणाभोवतीची शिस्त उपकरणाइतकीच सुंदर आहे. गेज बॉयलरवर थेट बसवत नाहीत. मध्ये वळसा घातलेली सायफन नळी असते. तिच्यात पाणी साठते आणि तापलेली वाफ नाजूक नळीला कधीच शिवत नाही; दाब मात्र पाण्यातून पोचतो. कमाल परवानगीच्या दाबावर तबकडीवर लाल खूण असते. आणि काटा खरे बोलतो आहे ना, हे ठराविक काळाने वजनांच्या परीक्षकावर तपासतात: माहीत असलेल्या क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर माहीत असलेले वजन ठेवायचे, म्हणजे दाब किती हवा हे गणितानेच ठरते, आणि काटा तिथेच थांबतो का ते पाहायचे. यामागे रक्ताचा इतिहास आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला, इतर प्रांतांनी तो मार्ग धरला आणि १९२३ मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा आला. शंभर वर्षे तो टिकला. २०२५ मध्ये नवा कायदा होईपर्यंत देशातल्या प्रत्येक बॉयलरची तपासणी त्याच्याच आधारे होत होती. दसऱ्याच्या आसपास कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, नारळ फुटतो, पूजा होते. त्याआधी निरीक्षकाने बॉयलर पाण्याच्या दाबाखाली तपासलेला असतो. पूजेइतकेच महत्त्व मी त्या तपासणीला देईन.

दाबमापक बनवणे हा पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या कामाचाच भाग झाला. धारवाडला तिचा ‘टिवॅक’ नावाचा विभाग आहे. तिथे दाबमापक, तापमानमापक यांसारखी उपकरणे तयार होतात. सातारा रोडला ओतशाळा आहे. ती मूळची धनजीशा कूपर यांच्या कारखान्याची. नांगर आणि इंजिने बनवणारे हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. अवजड कामाचे केंद्र मात्र वालचंदनगरच राहिले.

तिथे साखरेकडून यंत्रांकडे जाण्याचा वेग वाढला तो स्वातंत्र्यानंतर. दोन कारणे एकाच वेळी आली. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले. प्रत्येकाला चरक हवे, पॅन हवेत, बॉयलर हवेत, आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे ते बाहेरून आणणे अवघड झाले. दुसरीकडे १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. इंदापूर तालुक्यातला रत्नपुरीचा मळा हा त्याच इतिहासाचा भाग. ऊस पिकवणाऱ्या कंपनीकडून जमीन गेली, पण यंत्रशाळा आणि तिथले हात राहिले. या कायद्याच्या बऱ्यावाईट परिणामांवर आजही वाद होतात. त्याचा एक परिणाम असा की कंपनीला उसावर विसंबून राहता आले नाही, आणि ते यंत्रशाळेच्या पथ्यावर पडले, असे मला वाटते. साखरेपाठोपाठ सिमेंटची यंत्रे आली. साखर कारखान्यांची संपूर्ण यंत्रसामग्री इथून आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या देशांतही गेली.

साखरेचा चरक ही अचूकतेची उत्तम शाळा आहे. तीन लाटा एकमेकींवर दाबून फिरतात आणि त्यांमधून ऊस जातो. लाटांमधली फट जास्त राहिली तर चिपाडात साखर निघून जाते. कमी राहिली तर चरक अडतो किंवा दांडा तुटतो. ऊस पुढच्या चरकांत जातो तशी ही फट घटत जाते. दर उन्हाळ्यात गळीत हंगाम संपल्यावर प्रत्येक चरक उघडायचा, लाटांची झीज मोजायची, खाचा पुन्हा कापायच्या आणि फट हिशेबाने लावायची, याला मिल सेटिंग म्हणतात. फिटरची पिढी अशी तयार होते. जुन्या यंत्रशाळेत मोजणीची भाषा ‘सूत’ आणि ‘थाऊ’ची होती. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. १९५६ च्या कायद्याने देश दशमान पद्धतीकडे वळला, नकाशे मिलीमीटरमध्ये आले, तरी कित्येक वर्षे मिस्त्री डोक्यात इंच ठेवून मिलीमीटर कापत राहिले. ‘दोन थाऊ घे अजून’ ही सूचना आजही लेथवर ऐकू येते, आणि ज्याला ती कळते त्याला हातातल्या हत्याराचा कंप कुठवर सोसवतो हेही कळते.

या यंत्रशाळेपुढे मग दोन अशी कामे आली जिथे चूक दुरुस्त करायला पुढचा हंगाम मिळत नाही.

पहिले काम अणुभट्टीचे. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत कॅलँड्रिया हे आडवे ठेवलेले मोठे भांडे असते. त्यात जड पाणी भरलेले असते, आणि त्यातून युरेनियमच्या इंधनाच्या नळ्या आरपार जातात. २२० मेगावॉटच्या भट्टीत अशा ३०६ वाहिन्या असतात, ७०० मेगावॉटच्या भट्टीत ३९२. भांड्याच्या दोन्ही तोंडांशी जाड ढाली असतात, त्यांना एंड शील्ड म्हणतात. दोन्ही ढालींत तितकीच भोके, २२० मेगावॉटच्या भट्टीत दोन शेजारच्या भोकांच्या केंद्रांत सुमारे २२.९ सेंटिमीटर अंतर, आणि समोरासमोरची भोके एका रेषेत. एक भोक सुटले तर त्यातली वाहिनी बसत नाही, आणि भट्टी सुरू झाल्यावर किरणोत्सारामुळे तिथे माणूस पुन्हा जाऊ शकत नाही. कॅलँड्रिया आणि एंड शील्ड ही दोन्ही कामे वालचंदनगरने केली. ज्यांनी चरकाची फट सुताने लावली, त्यांचेच वारस मिलीमीटरच्या अंशांत भोकांच्या रांगा जुळवत होते.

दुसरे काम अग्निबाणाचे, आणि ते मला सर्वांत विलक्षण वाटते. १९७० च्या दशकात, एसएलव्ही-३ या पहिल्या भारतीय उपग्रह प्रक्षेपकाच्या काळात, इस्रो आणि वालचंदनगर यांचे नाते जुळले. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढे पीएसएलव्हीचा २.८ मीटर व्यासाचा पहिला टप्पा आला आणि त्यानंतर एलव्हीएम-३ चे ३.२ मीटर व्यासाचे एस-२०० बूस्टर. एका एस-२०० मध्ये २०० टनांहून जास्त घन इंधन भरलेले असते. कवच तीन भागांचे असते, कारण एवढी लांब नळी एकसंध घडवणे आणि वाहून नेणे शक्य नाही. वालचंदनगर आणि लार्सन अँड टुब्रो या दोन कंपन्यांनी ही कवचे घडवली.

आता थोडे गणित करू. इंधन जळताना आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५० ते ६० पट होतो. कवचाची भिंत मात्र सुमारे ८ मिलीमीटर जाड. जास्त जाड केली तर अग्निबाण स्वतःचेच वजन उचलत बसेल. दाब ६० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, त्रिज्या १६० सेंटिमीटर, जाडी ०.८ सेंटिमीटर धरली तर भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १२,००० किलो ताण येतो. बांधकामाचे साधे पोलाद सुमारे २,५०० किलोलाच कायमचे ताणले जाते. म्हणून इथे मॅरेजिंग स्टील लागते. त्यात कार्बन जवळजवळ नसतोच. सुमारे १८ टक्के निकेल आणि त्याबरोबर कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टायटॅनियम असतात. कापताना आणि जोडताना हे पोलाद त्यामानाने मऊ असते. सगळे काम झाल्यावर ते सुमारे ४८० अंशांना काही तास भट्टीत ठेवले की आत सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि त्याची ताकद दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे मोजमाप सगळे मऊ अवस्थेत करायचे आणि भट्टीत वस्तू किती आकसेल हे आधीच धरून चालायचे.

इंदापूरचे ऊन इथे वैरी होते. पोलाद दर मीटरमागे दर अंशाला सुमारे दहा मायक्रॉन वाढते. ३.२ मीटर व्यासाच्या कड्याचे तापमान २० अंशांनी वाढले तर व्यास ०.६ मिलीमीटरहून जास्त वाढतो. जगभर लांबीचे अधिकृत माप २० अंश सेल्सिअसला घेतले जाते, आणि वैशाखात इंदापूरचा पारा चाळीसच्या घरात असतो. दुपारी मोजलेले कडे आणि पहाटे मोजलेले कडे एक नसते. त्यामुळे माप घेण्याआधी वस्तू आणि मोजण्याचे साधन दोन्ही एका तापमानाला येऊ द्यावी लागतात, आणि आकड्याशेजारी तापमान लिहावे लागते. नकाशातली मुभा मिलीमीटरच्या दशांशांत असताना हा धीर नसेल तर बाकी सारे कौशल्य फुकट जाते.

गोलाईला इतके जपायचे कारण काय, हे २८ जानेवारी १९८६ ला जगाने पाहिले. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या उजव्या बूस्टरच्या दोन भागांतल्या सांध्यातून तापलेला वायू निसटला, ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. कडाक्याच्या थंडीने सांध्यातली रबरी कडी ताठरली होती, हे मुख्य कारण. पण चौकशी आयोगाने जुळणीच्या वेळी त्या भागांची गोलाई किती होती याचीही नोंद घेतली, कारण दोन भाग पूर्ण गोल नसले की सांध्याची फट सगळीकडे सारखी राहत नाही. म्हणूनच प्रत्येक कवचाचे सांधे क्ष-किरणांनी आणि ध्वनितरंगांनी तपासतात, मग कवचात पाणी भरून ते प्रत्यक्ष दाबाहून जास्त दाबावर ताणतात, आणि भिंतीवर चिकटवलेले ताणमापक प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून घेतात. बॉयलर निरीक्षक १९२३ पासून जे करत आला, त्याचेच हे प्रगत रूप आहे. हवेऐवजी पाणी घेण्याचे कारणही तेच: पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे भांडे फुटले तरी स्फोट होत नाही.

१४ जुलै २०२३ ला दुपारी चंद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ श्रीहरिकोट्याहून उठला. जमिनीवरून उचलण्यापासून पहिली शंभरहून जास्त सेकंदे सगळा भार दोन एस-२०० बूस्टरच वाहतात. मधले द्रवरूप इंधनाचे इंजिन त्यानंतरच पेटते. त्या बूस्टरच्या कवचांत वालचंदनगरच्या यंत्रशाळेत घडलेले भाग होते. त्याआधी २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला अरिहंत ही अणुपाणबुडी पाण्यात उतरली. तिच्यातल्या टर्बाइन आणि गिअरच्या कामातही या कंपनीचा वाटा आहे. ज्या शहरात १९४१ मध्ये वालचंदांनी जहाजबांधणीच्या गोदीचा पाया घातला, तिथेच हे झाले. वालचंद ८ एप्रिल १९५३ ला वारले. यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही.

या यशाबद्दल गौरवाचे लेख भरपूर निघाले. त्यांत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे हे काम करणारे लोक कोण होते. बरेचसे जंक्शन, अंथुर्णे, लासुर्णे, कळंब या आसपासच्या गावांतले. आयटीआय झालेले, वेल्डिंग आणि टर्निंग शिकलेले, घरी दोन-चार एकर ऊस किंवा ज्वारी असलेले. मॅरेजिंग स्टीलच्या जोडणीत आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली हात स्थिर ठेवणारा वेल्डर एका दिवसात तयार होत नाही. बारामती एमआयडीसीत आज मोठमोठे कारखाने आहेत आणि त्यांना कुशल माणसे लागतात. परिसरात ही माणसे सापडतात, यामागे वालचंदनगरच्या अनेक दशकांच्या शिकवणीचा हात आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

आणि मोजणी आता पुन्हा शेतात चालली आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने अलीकडच्या वर्षांत उसाच्या प्लॉटमध्ये जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र आणून पाणी आणि खत कधी द्यायचे हे मोबाइलवर सांगणारा प्रयोग सुरू केला. पर्जन्यछायेच्या या मुलखात कालव्याचे पाणी आले तेव्हापासून ते मनाला येईल तसे सोडण्याची सवय लागली, आणि त्याची किंमत चोपण झालेल्या जमिनींनी मोजली. पाणी मोजून द्यावे हे इथे फार उशिरा सुचले. पण सुचले, हे चांगले झाले.

जुन्या यंत्रशाळांचे कागद मात्र झपाट्याने नाहीसे होत आहेत. मिल सेटिंगच्या वह्या, बॉयलरच्या लॉगबुका, हाताने काढलेले नकाशे, पितळी गेज, लाकडी पेटीतले मायक्रोमीटर दर काही वर्षांनी भंगारात जातात. बारामती-इंदापूरच्या ज्या घरांत वडील किंवा आजोबा फिटर, टर्नर, पॅनमन, केमिस्ट होते, त्या घरांना माझी विनंती आहे: अशी एखादी वही माळ्यावर असेल तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात ती द्या, आणि ती कुणाची, कोणत्या खात्यातली आणि कोणत्या वर्षांची आहे हे पहिल्या पानावर लिहा.